उंदराचा श्वास आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)





पाहुण्याने शिक्षणाचे महत्त्व पटवून द्यावे, चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात आणि मग बक्षिसे वाटावीत असा आपल्याकडचा परिपाठ आहे. शिक्षणाचे महत्त्व आपणांस पटले नसते तर ही इमारत उभी राहिली नसती. तेव्हा तो भाग मी गाळते. त्याऐवजी मला एका पालकाच्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे आहे. ते उत्तर गेल्या वर्षी माझ्याकडून नीट दिले गेले नाही आणि ती रुखरुख मनात राहिली आहे.

हे गृहस्थ मागावर जॉबर आहेत. त्यांची मुलगी याच शाळेत शिकली, पुढे बी. एस्सी., एम. एस्सी. झाली आणि शरीरक्रियाशास्त्रात संशोधन करावे असे तिच्या मनाने घेतले. विषय मिळाला तो असा : तपमान बदलले किंवा शरीराची अवस्था बदलली म्हणजे उंदराच्या श्वासाच्या मज्जातंतूमधील लय कशी बदलते. वडील माझ्या घरी आले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. म्हणाले, “आपा, पोरीने बी. एड. केले असते तर कुठेतरी शाळेत लागली असती. आता पाच वर्षे ती उंदरांचे श्वास मोजणार. पाहुणे विचारतात, मुलगी काय करते? मी काय सांगू? आणि खरे सांगा, उंदराच्या श्वासाचे आपल्या मुलांना काय?”

प्रश्नात राग नव्हता, काळजी होती. मी चहा दिला, धीर दिला, “मोठे चांगले काम आहे” असे काहीतरी मोघम बोलले. ते उठून गेले. मोघम बोलण्याने बापाची काळजी जात नाही, हे मला दार लावताना कळले. आज ते पाठीमागच्या रांगेत बसलेले मला दिसत आहेत. त्यांच्या निमित्ताने मी आपणा सर्वांशी बोलते आहे.

प्रथम श्वासाविषयी थोडेसे. आपण दिवसाला वीस हजारांच्या आसपास श्वास घेतो आणि त्यातला एकही आपल्या लक्षात राहत नाही. हृदयाचेही तसेच आहे, असे आपण म्हणाल. परंतु दोहोंत एक मोठा भेद आहे. हृदयाच्या स्नायूत स्वतःचा ठोका असतो. बेडकाचे हृदय बाहेर काढून खारट पाण्यात ठेवले तरी ते काही काळ धडधडत राहते. बारावीच्या पुस्तकात आपण हे वाचले असेल. श्वासाचे तसे नाही. फुफ्फुसांच्या खाली घुमटासारखे पसरलेले श्वासपटल हा हातापायांच्या स्नायूंसारखाच एक स्नायू आहे. वरून हुकूम आला तर तो आकसतो, न आला तर स्वस्थ पडून राहतो. हा हुकूम मानेतून निघून छातीतून खाली उतरणाऱ्या दोन मज्जातंतूंतून येतो, एक डावा आणि एक उजवा. त्यांना फ्रेनिक म्हणतात. जन्मल्या क्षणापासून अखेरच्या क्षणापर्यंत, झोपेतसुद्धा, हा हुकूम कोणीतरी देत असतो. तो कोण, हा फार जुना प्रश्न आहे.

दुसऱ्या शतकात गॅलेन नावाचा वैद्य पर्गमम शहरात ग्लॅडिएटरांच्या जखमांवर उपचार करीत असे. मानेच्या वरच्या भागी मज्जारज्जू तुटला तर श्वास जागच्या जागी थांबतो, तोच थोडा खाली तुटला तर श्वासपटल चालू राहते, हे त्याला ठाऊक होते आणि प्राण्यांवर त्याने ते ताडूनही पाहिले होते. तेराव्या शतकात कैरोचे हकीम इब्न अन्‌-नफीस यांनी, हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त मधल्या पडद्यातून झिरपत नाही, ते फुफ्फुसांतून फिरून डाव्या कप्प्यात येते, असे लिहून ठेवले. यात त्यांनी खुद्द गॅलेनला आणि इब्न सीनाला खोडून काढले. त्यांच्या हस्तलिखिताकडे जगाचे लक्ष पुन्हा गेले ते १९२४ साली, एका तरुण इजिप्शियन डॉक्टराने बर्लिनच्या ग्रंथालयात ते शोधून काढल्यावर. आपल्या सभांमधून इब्न अन्‌-नफीस यांचे नाव आले की टाळ्या पडतात. पडाव्यातच. फक्त टाळ्या वाजवून आपण तेराव्या शतकातच थांबतो, याचे मला वाईट वाटते. गुरूचे वाक्य तपासून पाहण्याची जी हिंमत त्यांनी दाखविली, ती या मुलीच्या कामालाही लागते.

पुढे १८१२ साली लेगालुआ या फ्रेंच शास्त्रज्ञाने सशांच्या मेंदूचे काप पुढून मागे एकेक करून काढत नेले. मोठा मेंदू गेला, लहान मेंदू गेला, तरी श्वास चालूच. मानेच्या वर, जेथे मेंदू निमुळता होऊन मज्जारज्जूला मिळतो त्या भागात, म्हणजे लंबमज्जेत एका ठराविक जागी सुरी पोहोचली आणि श्वास थांबला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९२३ साली, लम्सडेन या इंग्रज डॉक्टराने मांजरांवर असाच अभ्यास केला. त्याला आढळले की काप कोठे घेतला यावर श्वासाची जात ठरते. वर घेतला तर साधा श्वास, थोडा खाली घेतला तर लांबलेला, अडकून राहिलेला श्वास, आणि आणखी खाली घेतला तर केवळ आचके. आचके हा शब्द मी मुद्दाम वापरते. आपल्या घरांतून ज्यांनी कोणाचे अखेरचे क्षण पाहिले आहेत, त्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

आता उंदराकडे येऊ. हा घरातला चोर उंदीर नव्हे. प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर, वजनाने पाव किलोच्या आसपास. तो मिनिटाला सत्तर ते शंभरच्या दरम्यान श्वास घेतो. १९८४ साली सुझुए या जपानी शास्त्रज्ञाने एक विलक्षण गोष्ट करून दाखविली. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिलाचा लंबमज्जेचा भाग मज्जारज्जूसह अलग काढून त्याने प्राणवायू मिसळलेल्या क्षारांच्या पाण्यात ठेवला. फुफ्फुसे नाहीत, छाती नाही, रक्त नाही. तरी फ्रेनिकच्या मुळांतून श्वासाचा हुकूम ठराविक अंतराने येतच राहिला. १९९१ साली स्मिथ, फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याही पुढे जाऊन लंबमज्जेची एक पातळ चकती काढली. त्या चकतीतही लय चालू होती. ज्या इवल्याशा पुंजक्यातून ती उठत होती, त्याला नाव पडले प्री-बॉट्झिंगर. नावाची गंमत अशी की, १९७८ साली जर्मनीत एका परिषदेच्या वेळी मेंदूतल्या शेजारच्या भागाचे बारसे करायचे होते, तेव्हा टेबलावर बॉट्झिंगेन गावच्या वाईनची बाटली होती. तिचेच नाव त्या भागाला दिले गेले. नव्या पुंजक्याचे नाव त्यावरूनच प्री-बॉट्झिंगर. आपल्या सर्वांचा श्वास जेथून उठतो त्या जागेला बाटलीचे नाव असावे, यावर मौलवीसाहेब काय म्हणतील ते त्यांनाच विचारावे.

येथपर्यंत सर्व सरळ वाटते. अडचण पुढे आली, आणि त्या मुलीचा विषय नेमका या अडचणीतून जन्मला आहे.

पाण्यात ठेवलेल्या मेंदूच्या तुकड्याला रक्त मिळत नाही. प्राणवायू बाहेरून झिरपत आत जाईल तेवढाच. तुकडा गरम असला तर त्याची भूक मोठी, आणि मधला भाग गुदमरतो. म्हणून तो थंड ठेवतात, साधारण २७ अंश सेल्सियसवर. जिवंत उंदराचे शरीर ३७ अंशांच्या आसपास असते. दहा अंशांचा फरक म्हणजे काय? शरीरातील बहुतेक रासायनिक क्रिया दहा अंश तपमान उतरले की निम्म्या किंवा त्याहूनही कमी वेगाने चालतात. मज्जापेशींच्या पडद्यातील सूक्ष्म दारे, ज्यांतून विद्युतभारित कण आतबाहेर करतात, ती उघडायला आणि मिटायला अधिक वेळ घेतात. पाण्यातल्या तुकड्याची लय मिनिटाला बोटांवर मोजता येईल एवढीच असते, तर जिवंत पिलू मिनिटाला शंभराच्या आसपास श्वास घेते. हा सगळा फरक काही थंडीमुळे नाही. फुफ्फुसांकडून येणारी खबर तुटलेली असते, मेंदूचा वरचा भागही नसतो. मग थंडीचा वाटा किती आणि या तुटलेपणाचा किती? आणि त्याहून मोठा प्रश्न असा की, तुकड्यात दिसते ती लय श्वासाची की आचक्यांची? सेंट जॉन या शास्त्रज्ञाने ती आचक्यांची आहे असे ठामपणे मांडले, इतरांनी ते नाकारले, आणि हा वाद वर्षानुवर्षे चालला. १९९६ साली पेटन यांनी वेगळी वाट काढली. त्यांनी मेंदूला हृदयासह ठेवून रक्तवाहिन्यांतूनच प्राणवायूयुक्त द्रव फिरविला, म्हणजे आतपर्यंत पुरवठा पोहोचला. तेव्हा मज्जातंतूतला हुकूम पुन्हा साध्या श्वासासारखा दिसू लागला, हळूहळू चढत जाणारा. आचक्यात तो एकदम उसळतो आणि मग उतरत जातो.

आता मी माझी स्वतःची एक आठवण सांगते. मी या संशोधनात नव्हते. माझे आयुष्य शिकविण्यात गेले. पण नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका प्रयोगशाळेत फ्रेनिक मज्जातंतूची नोंद पाहण्याचा योग आला. उंदीर गुंगीत होता. मज्जातंतूला चांदीच्या बारीक तारा लावलेल्या होत्या, आणि त्यातील विद्युतप्रवाह वाढवून ध्वनिवर्धकाला जोडला होता. मला वाटले होते टिक-टिक असे काही ऐकू येईल. आला तो आवाज वेगळाच : खर्र… मग शांतता… पुन्हा खर्र… प्रत्येक श्वासाला एक खर्र. आणि ते ऐकताच मला आमची गल्ली आठवली.

माझे अब्बा यंत्रमाग चालवीत. आमच्या गल्लीत पहाटेपासून खटखट चालू असे. आपणांपैकी निम्मे लोक त्याच आवाजात वाढलेले आहात. बाहेर उभे राहून ऐकले तर एकच सलग घरघर वाटते, पण कान तयार असला की त्या घरघरीतही लय असते. धोटे एकमेकांच्या पुढेमागे पळत असतात, मधूनच चार माग एका ठोक्यात येतात आणि आवाज जाड होतो. संध्याकाळी व्होल्टेज उतरले की सगळे माग एकदम संथ होत. आवाज तोच, फक्त खाली उतरलेला. आणि कधी असे होई की शेडमधले सगळे माग बंद पडत आणि कोपऱ्यातला एखादाच चालू राही. तेव्हाही खटखट ऐकू येई, पण ती निराळी. अब्बा अंथरुणात पडल्या पडल्या ओळखीत : हे व्होल्टेज आहे की शेड बंद पडली आहे. उठून जायचे की नाही हे त्यावर ठरे.

ही मुलगी जे करते ते हेच आहे. श्वासाच्या त्या एका ‘खर्र’मध्ये हजारो मज्जापेशींचे ठोके असतात आणि ते बेशिस्त नसतात. त्यांत जलद लहरी असतात. मांजराच्या फ्रेनिकमध्ये एक मध्यम लहर सेकंदाला २० ते ५० आवर्तनांची आणि एक जलद लहर ५० ते १०० आवर्तनांची सापडते. उंदरात त्या अधिक वेगवान असून जलद लहर सेकंदाला शंभराच्याही पुढे जाते. ही जलद लहर डाव्या आणि उजव्या मज्जातंतूत एकाच तालात चालते, यावरून तिचा उगम वर मेंदूत, दोहोंच्या सामाईक ठिकाणी आहे असे अनुमान निघते. उंदीर थंड केला की लहरींचा वेग उतरतो, गरम केला की चढतो : हे व्होल्टेज झाले. पण प्राणवायू तोडला आणि साध्या श्वासाच्या जागी आचके सुरू झाले की वेगळीच गोष्ट घडते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरांच्या फ्रेनिकमध्ये आणि जिभेच्या मज्जातंतूतही असे दिसले की आचक्यांमध्ये जलद लहर नाहीशी होते. ती संथ होत नाही, नाहीशी होते. ही शेड बंद पडली.

तपमान आणि अवस्था यांचा एकत्र विचार का करावा लागतो, हे आता आपल्या ध्यानात येईल. तपमान न पाहता कोणी सांगू लागला की, “माझ्या उंदरात लहर संथ झाली, म्हणजे त्याचा मेंदू निराळ्या अवस्थेत गेला”, तर कदाचित त्याचा उंदीर नुसता गारठलेला असेल. प्रयोगशाळेची खिडकी उघडी राहिली असेल! जो तपमान मोजीत नाही, त्याला व्होल्टेज आणि बंद शेड यांतला फरक कळत नाही.

उंदराला मारून हे सगळे करायचे का, असे काही मुलांच्या मनात आले असेल. यावे. मलाही ते कधी सोपे गेले नाही. असे प्रयोग पूर्ण भूल देऊन करतात, आणि ज्या प्रयोगात भुलीच्या औषधाने लयच बदलते, तेथे भुलीखाली असतानाच मोठा मेंदू काढून टाकतात, म्हणजे वेदना जाणण्याचे ठिकाणच उरत नाही. आपल्या देशात १९६० सालचा प्राणिक्रूरताप्रतिबंधक कायदा आहे आणि संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी घेतल्याशिवाय एकाही उंदराला हात लावता येत नाही. किती उंदीर, कशासाठी, आणि त्यांच्यावाचून भागणार नाही का, हे लिहून द्यावे लागते. एवढे करूनही ज्याचे मन घेत नाही त्याने दुसरा विषय घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

आता आपल्या मुलांकडे येते.

माझ्या पाठचा भाऊ आठव्या महिन्यात जन्मला. डिसेंबरचे दिवस होते. मी नऊ वर्षांची होते. दादीने त्याला दोन वाकळींत गुंडाळले, डोक्याला रुमाल बांधला, दारे-खिडक्या लावून घेतल्या आणि खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली. चौथ्या रात्री मी अम्मीशेजारी जागी होते. तो मधूनच श्वास घ्यायचे विसरे. मी मनात अंक मोजी, पाच, सात, दहा, आणि मग तो पुन्हा श्वास घेई. मला तो खेळच वाटला. पहाटेच्या सुमारास त्याने लांब लांब अंतरावर चार-पाच आचके दिले, आणि मी ज्या अंकापाशी थांबायचे तेथे थांबलेच नाही, मोजतच राहिले. दादीने जे केले ते मायेने केले. तिला दोष देण्याचा अधिकार मला नाही. शेगडीच्या धुराने झाले, उष्णतेने झाले की नुसत्या अपुऱ्या दिवसांनी, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. परंतु पुढे पुस्तकांतून मी जे वाचले ते त्या खोलीत कोणाला ठाऊक असते, तर निदान शेगडी बाहेर गेली असती.

काय वाचले? अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतले श्वासकेंद्र कच्चे असते, म्हणून तो श्वास घ्यायचे विसरतो. अंग अधिक तापले की हे विसरणे वाढते. थंडीही वाईटच, कारण गारठलेल्या बाळाचा श्वास संथ होतो आणि ऊब टिकविण्यात त्याची सारी शक्ती जाते. काखेत ३६.५ ते ३७.५ अंश ही त्याची सुखाची पट्टी. ती राखण्याचा उत्तम उपाय म्हणजे आईची उघडी छाती. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात, इस्पितळात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांची बाळे आईच्या अंगाशी बांधून ठेवायला सुरुवात केली, आणि आता ही पद्धत जगभर मान्य आहे. आईचे अंग शेगडीसारखे पेटत नाही आणि विझतही नाही.

उंदरांच्या पिलांनी आणखी एक गोष्ट शिकविली. १९४० च्या दशकातच दिसून आले होते की, प्राणवायूविरहित हवेत मोठा उंदीर काही मिनिटांत मरतो, पण नवजात पिलू आचके देत कितीतरी अधिक काळ तग धरते. आणि पिलू थंड असेल तर आणखी जास्त. गरम असेल तर आचके लवकर संपतात. या धाग्याचे एक टोक आजच्या इस्पितळांपर्यंत येते. जन्मताना गुदमरलेल्या बाळाला तीन दिवस ३३ ते ३४ अंशांवर ठेवले तर मेंदूची हानी कमी होते, असे २००५ साली श्रीमंत देशांतील चाचण्यांनी दाखविले. आपण म्हणाल, मग आपल्याकडेही करावे. तेही करून पाहिले. भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील इस्पितळांत मोठी चाचणी झाली आणि २०२१ साली निष्कर्ष आले : थंड ठेवलेल्या बाळांपैकी शेकडा ४२ दगावली, न ठेवलेल्यांपैकी शेकडा ३१. तिकडे ज्याने तारले त्याने इकडे तारले नाही. म्हणूनच अवस्था मोजल्याशिवाय केवळ तपमानावर भरवसा ठेवता येत नाही, आणि म्हणूनच कोणीही पालकाने ऐकीव माहितीवर घरी बाळाला गार करण्याच्या भानगडीत पडू नये. हे मी पुन्हा सांगते, कारण ध्वनिक्षेपकावर बोललेले अर्धेच ऐकू जाते.

विसरलेल्या श्वासावर औषधही निघाले. ते आपल्या चहा-कॉफीतलेच कॅफीन आहे. दोन हजारांहून अधिक अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २००६ आणि २००७ साली प्रसिद्ध झाले, आणि त्या बाळांना त्याचा लाभ होतो हे सिद्ध झाले. मात्रा डॉक्टरच ठरवितात. चमच्याने चहा पाजणे म्हणजे उपचार नव्हे.

आणि घरी जाऊन आजच करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे श्वास मोजणे. तापाने श्वास थोडा वाढतोच, कारण तपमान चढले की लयही चढते, ते व्होल्टेज. पण न्यूमोनियात तो त्याहून फार वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादा घालून दिल्या आहेत : दोन महिन्यांच्या आतील बाळाला मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्याला ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा अधिक. मूल शांत असताना, दूध पीत नसताना किंवा रडत नसताना, पोटाकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजावे. आकडा ओलांडला, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नये.

हे अवघड आहे असे वाटत असेल तर गडचिरोलीकडे पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथील खेड्यांत गावच्या माणसांना आणि अक्षरओळख नसलेल्या दाईंनासुद्धा मुलांचे श्वास मोजायला शिकविले. एका मिनिटाची वाळूची घडी आणि दहा श्वासांना सरकवायचा एक मणी. तेवढ्यावर न्यूमोनिया ओळखून गावातच औषध सुरू करता आले, बालमृत्यू घटले, आणि १९९० साली ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात त्याचा वृत्तांत छापून आला. मणी सरकवणाऱ्या त्या दाईच्या हातात जे आहे, त्याचेच दुसरे टोक प्रयोगशाळेत चांदीच्या तारेला जोडलेले आहे.

भाईसाहेब, पाहुण्यांनी पुन्हा विचारले तर सांगा की, माझी मुलगी श्वास ऐकते आणि व्होल्टेज उतरले आहे की शेड बंद पडली आहे ते ओळखते. आपल्या पाहुण्यांना हे समजेल. तेही मागवालेच आहेत.

तिचे पहिले दीड वर्ष, तिने मला सांगितले, फक्त उंदराचे अंग एका अंशाच्या दहाव्या भागापर्यंत स्थिर ठेवायला शिकण्यात गेले. गरम गादी कधी जास्त तापे, कधी कमी, आणि आठवड्याच्या नोंदी टाकून द्याव्या लागत. तिच्या मार्गदर्शकांनी एकदाही घाई केली नाही. आपणही करू नये.

आता बक्षिसांकडे वळू. मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी सोबत दोन स्टॉपवॉच आणले आहेत. समारंभ संपल्यावर सातवी ‘अ’च्या वर्गात मी अर्धा तास बसणार आहे. ज्या आईवडिलांबरोबर लहान मूल आहे आणि ते झोपलेले आहे, त्यांनी यावे. मोजायचे कसे ते मी दाखवीन. आठवी-नववीच्या मुलींनी आधी यावे, कारण घरात धाकट्या भावंडांना बहुधा त्याच सांभाळतात.